'हो जाएगा'च्या शहरात एक पिझ्झा

“हो जाएगा मॅडम, आप टेन्शन मत लो,” असं म्हणत त्या पोरानं मेनूकार्डं गोळा करायला घेतली आणि मला धस्स झालं. इंदूरच्या विजयनगरातलं बऱ्यापैकी नावाजलेलं रेस्टॉरंट, शनिवारची संध्याकाळ, दाराबाहेर टेबल रिकामं व्हायची वाट बघणारी गर्दी. मी शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, ग्लूटेन-फ्री बेस तुम्ही कशाचा करता? तो खुलला. “मैदा बिलकुल नहीं डालते मॅडम. प्योर आटे का बेस है, वो भी शरबती गेहूँ का.” 'शरबती' म्हणताना त्याची मान जरा ताठ झाली. माळव्यातला माणूस गव्हाबद्दल बोलायला लागला की असं होतंच. मी समजावून सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारून माझी बारा वर्षांची लेक म्हणाली, “राहू दे ना आई. मी फ्रेंच फ्राईज घेते.” मग क्षणभर विचार करून तिनंच ते खोडलं. “नको, त्या तेलात काय काय तळत असतील. लिंबू सोडा सांग.”

आटा आणि मैदा दोन्ही गव्हाचेच, हे त्या पोराच्या लक्षात आलं नाही याचं मला काही वाटलं नाही. रोज शेकडो माणसं येतात, त्यातल्या निम्म्यांना 'ग्लूटेन-फ्री' म्हणजे 'जरा हलकं' एवढंच हवं असतं. खुपलं ते लेकीचं 'राहू दे'. लग्नाच्या पंगतीत साखरेचा आजार असलेले एखादे काका जिलबी येताना बघून ताटावर हात आडवा धरतात, चेहऱ्यावर तेच समंजस हसू. बारा वर्षांच्या चेहऱ्यावर ते हसू मला बघवेना. तिनं आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं.

निदानाची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ज्यांच्या घरी हे आहे त्यांना ती पाठ आहे. उंची वाढेना, लोहाची औषधं देऊनही हिमोग्लोबिन हलेना, पोट कायम टम्म. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ताची चाचणी लिहून दिली, मग एंडोस्कोपी, लहान आतड्याचा नमुना, आणि नाव कळलं: सिलिअ‍ॅक. ॲलर्जी नव्हे. गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषून घेणारं आतलं अस्तर झिजून सपाट होतं. औषध काही नाही. गहू, जव आणि राय नावाचं धान्य आयुष्यभर बंद, एवढाच उपाय. “प्रसादापुरता शिरा तरी?” सासूबाईंनी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, आजी, चमचाभरसुद्धा नको. त्या दिवशी सासूबाई रिक्षात एक शब्द बोलल्या नाहीत.

त्या काळात रात्री जागून मी वाट्टेल ते वाचत असे. त्यातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. विलेम डिक नावाचा एक डच बालरोगतज्ज्ञ होता. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये भयंकर उपासमार झाली. पाव मिळेना, लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. आणि या आजाराची मुलं मात्र त्याच काळात सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. गव्हाचा संशय डिकना आधीपासून होता, त्याला आता बळ आलं, आणि १९५० साली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. सगळा देश भुकेनं मरतोय आणि एका खाटेवरच्या पोराला मात्र बाळसं धरतंय, त्याच्या आईला त्या दिवसांत नेमकं काय वाटत असेल? देवाचे आभार मानायचे तरी कोणत्या तोंडानं?

आमचं उलटं आहे. आम्ही गव्हाच्या कोठारात राहतो. 'पग-पग रोटी, डग-डग नीर' ही माळव्याची जुनी ओळख. सीहोरचा शरबती इथून जवळच. खुद्द इंदुरात भारतीय कृषी संशोधन संस्थेचं गहू संशोधन केंद्र आहे, १९५१ पासून. तिथून निघालेल्या कित्येक जातींच्या नावात 'एचआय' असतं, त्यातला 'आय' इंदूरचा. 'पुसा तेजस' हा त्यांतलाच, पास्त्याला लागतो तसला कडक दाण्याचा गहू. आमच्याकडे दाल-बाफल्याला, म्हणजे वरणाबरोबरच्या कणकेच्या उकडून भाजलेल्या गोळ्यांना, हाच दाणा लागतो, तुपात बुडवलेला बाफला फोडला की आतून जो रवाळ भुगा निघतो तो याचाच. त्या केंद्रावरून जाताना लेक एकदा म्हणाली, “हे माझ्या दुश्मनांचं हेड ऑफिस.” आम्ही हसलो. हसून झाल्यावर मी खिडकीबाहेर बघत बसले.

आणि हिंग! हिंगाचं कोणी आधी सांगतच नाही. बाजारात मिळणारा बांधानी हिंग म्हणजे खऱ्या हिंगाचा चीक, डिंक आणि पीठ, आणि हे पीठ बहुतेक वेळा मैदा असतं. हे कळल्यावर अख्खं इंदूर डोळ्यांपुढून सरकलं. पोहे तांदळाचे, म्हणजे चालतील. पण वरची शेव? बेसनाची, म्हणजे चालेल, पण तिच्यात हिंग, आणि ती तळली त्याच कढईत ज्यात सकाळी कचोरी तळली. पोह्यांवर भुरभुरायचा जीरावन मसाला? त्यातही हिंग. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातला भुट्ट्याचा कीस? मका, दूध, तूप, सगळं निर्मळ, आणि फोडणीत चिमूटभर हिंग. सोबतच्या जिलबीचा तर प्रश्नच नाही. आता आमच्या घरी तांदळाच्या पिठातला हिंग येतो आणि रविवारी पोहे घरीच होतात. चांगले होतात. पण गाडीपाशी उभं राहून, कागदाचा द्रोण तळहातावर तोलत, शेजारच्या अनोळखी माणसाशी पालिकेबद्दल बोलत खायचे पोहे हे नव्हेत. ते आम्ही सोडून दिले.

मग पिझ्झाच का सोडवत नाही? माझ्या आईनं हे विचारलंच. “ज्वारीची भाकरी आहे, तांदळाची घावनं आहेत, थालीपिठातला गहू वगळला की झालं. एवढं सगळं असताना त्या पिझ्झ्यामागे काय लागली आहेस?” तिचं बरोबर आहे. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा ही सगळी आपली उपासाची फळी ग्लूटेनविरहितच आहे. महाराष्ट्रीय घरात या आजाराचं माणूस उपाशी राहणार नाही. पण वाढदिवस साबुदाण्याच्या खिचडीवर होत नाहीत. लेकीच्या वर्गातल्या सगळ्या पार्ट्या पिझ्झ्यावर होतात. मधोमध मोठा पिझ्झा येतो, सगळ्या मुली एकदम हात घालतात, चीजचे धागे लांबवतात, कोणाचा धागा मोठा यावर किंचाळतात. आणि माझी पोर शेजारी डबा उघडून बसते. डब्यात मी जीव ओतलेला असतो, तरी तो डबाच. एकदा एका मैत्रिणीच्या आईनं कौतुकानं म्हटलं, “किती गुणी आहे हो, मागत पण नाही.” मी घरी येऊन भांडी जरा जोरातच घासली.

शिवाय पिझ्झ्याचं माझंही एक खातं आहे. नव्वदच्या दशकात आम्ही रामबागेत राहायचो आणि पिझ्झा म्हणजे बेकरीतून आणलेला, वर टोचे मारलेला, पावासारखा जाड बेस. आई तो तव्यावर लोण्यात भाजायची. वर टोमॅटो सॉस, उभा चिरलेला कांदा, सिमला मिरची आणि डब्यातलं चीज किसून. झाकण ठेवलं की चीज धड वितळायचंही नाही, नुसतं घामेजायचं. खालून बेस मात्र असा करपायचा की तो लोण्याचा खरपूस वास जिन्यापर्यंत जायचा. वरच्या मजल्यावरच्या काकू हाक मारायच्या, “आज काय इटली का?” इटलीशी त्या पदार्थाचा काही संबंध नव्हता. पण पहिल्यांदा छप्पन दुकान या खाऊगल्लीत मैत्रिणींबरोबर, घरचं कोणी मोठं सोबत नसताना, मी जे काही खाल्लं तो असाच एक पिझ्झा होता, आणि ती संध्याकाळ मला अजून लख्ख आठवते. लेकीला तशी एक संध्याकाळ मिळावी, बस. तिथं डबा नको आणि आईही नको.

तर शोध. माझ्या वहीत हळूहळू उत्तरांचे प्रकार जमले. 'आटे का बेस' हा पहिला. दुसरा, मल्टिग्रेन, म्हणजे गव्हाबरोबर आणखी चार धान्यं. तिसरा प्रकार २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून वाढला: मिलेट पिझ्झा, रागी पिझ्झा, ज्वारी क्रस्ट. नाव ऐकून मी हुरळले. बेसचं पाकीट बघायला मागितलं तर घटकांच्या यादीत ज्वारीच्या आधी मैदा बसलेला. चौथा प्रकार सगळ्यांत अवघड, कारण तिथं बेस खरोखरच बिनगव्हाचा असतो. बाहेरून गोठवलेला येतो, पाकिटावर तशी खूणही असते. आणि मग तो त्याच ओट्यावर उघडतात, त्याच लाकडी फावड्यानं त्याच भट्टीत सारतात, त्याच कटरनं कापतात.

पिझ्झ्याचं स्वयंपाकघर ही या आजाराच्या दृष्टीनं सगळ्यांत वाईट जागा. पोळीच्या कणकेत पीठ निदान ओलं होऊन बसतं. इथं गोळा चिकटू नये म्हणून कोरडा मैदा सतत भुरभुरत असतात. तो ओट्यावर असतो, फावड्यावर असतो, भट्टीच्या तळाशी जळत असतो, आणि हवेत तर तासन्‌तास तरंगत असतो. टॉपिंगच्या डब्यांत मैद्याचा हात जातो, सॉसच्या पळीनं साध्या बेसवर सॉस पसरून पळी परत भांड्यात पडते. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये. २० मिलिग्रॅम म्हणजे किती ते मी एकदा सोनाराकडे गेले असताना त्याच्या काट्याकडे बघून डोळ्यांपुढे आणलं. फुंकरीनं उडेल एवढं.

फॅशन म्हणून गहू सोडणाऱ्यांवर मी आधी चिडायचे. आता माझं मत दुटप्पी झालंय. त्यांच्यामुळेच मेनूकार्डात तो शब्द आला, बेस मिळायला लागले, तांदळाच्या पास्त्याला दुकानात एक फळी मिळाली. आणि त्यांच्यामुळेच स्वयंपाकघरात तो शब्द कोणी मनावर घेत नाही. एक बाई बिनगव्हाचा पिझ्झा मागवते आणि नंतर चॉकलेट केक खाते, हे बघितलेला वेटर माझ्या चौकशीकडे गांभीर्यानं का बघेल? २०११ साली दिल्लीच्या परिसरात झालेल्या मोठ्या पाहणीत दर ९६ माणसांमागे एकाला सिलिअ‍ॅक निघाला होता. म्हणजे त्या शनिवारच्या गर्दीत आमच्याशिवाय आणखीही कोणी असणार, बहुतेकांना स्वतःलाच ठाऊक नसलेलं. पण त्या माणसाच्या वतीनं वेटरशी वाद कोण घालणार?

माझी आजी सोवळ्यातली. रामबागेतल्या त्या घरात स्वयंपाकघराला उंबरा होता आणि तो उंबरा म्हणजे सरहद्द. सकाळी आंघोळ करून ती धाबळी नेसायची. तिचं लुगडं उंच बांधलेल्या काठीवर वाळायचं, ते काढायलाही काठीच. तिचं पाणी वेगळं, तिची पळी वेगळी, तिचं पिठाचं भांडं उतरंडीत सगळ्यांत वर. आम्ही पोरं मुद्दाम उंबऱ्यात एक पाय टाकून “शिवलो, शिवलो” म्हणून पळायचो. मोठेपणी मला त्या सगळ्याचा मनापासून राग आला. आजीच्या त्या उंबऱ्यानं कोणाकोणाला बाहेर ठेवलं हे कळायला लागल्यावर तर फारच. कामाला येणाऱ्या मावशींचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असे. माझं लग्न झाल्यावर माझ्या घरात असलं काही नसेल, हे मी ठरवूनच टाकलं होतं.

आणि आता माझ्या ओट्यावर हिरवी पट्टी चिकटवलेली आहे. पट्टीच्या डावीकडे गहू येत नाही. लेकीचा तवा वेगळा, पोळपाट-लाटणं वेगळं, गाळणी वेगळी, लोण्याचा डबासुद्धा वेगळा, कारण पोळीला लावलेली सुरी परत लोण्यात जाते. पोळ्या झाल्या की मी हात कोपरापर्यंत धुते. परवा नवऱ्यानं पोळीचा हात तिच्या भाजीच्या पळीला लावला तर माझ्या तोंडून जो सूर निघाला तो थेट आजीचा होता. सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, “आमच्या वेळी याला तुम्ही नावं ठेवत होतात.” मी म्हटलं, आई, तेव्हा माणसं विटाळ करत होती, आता पीठ करतंय. फरक आहेच, आणि तो माझ्या दृष्टीनं मोठा आहे. तरी शरीराला कळतात त्या हालचाली तंतोतंत त्याच आहेत, आणि मला त्या शिकवाव्या लागल्या नाहीत. नको असलेल्या वारशातून नेमकं हवं ते कामाला यावं, याला काय म्हणावं मला अजून सुचलेलं नाही.

याच विचारातून एक किल्ली मात्र सापडली. आपल्याकडच्या आचाऱ्याला २० मिलिग्रॅम समजत नाही, पण 'जैन' समजतं. इंदुरातल्या कुठल्याही पिझ्झ्याच्या दुकानात जैन पिझ्झा मिळतो, आणि त्याचा सॉस वेगळ्या डब्यात असतो, कांदा-लसणाची पळी त्याला लागत नाही. 'फलाहारी' तर लहान पोरालाही कळतं. म्हणून मी वेटरला विचारणं सोडलं. भट्टीपाशी जो उभा असेल त्याला थेट म्हणायला लागले, “भैया, ऐसा समझो कि बच्ची का व्रत है. गेहूँ का हाथ भी लगा तो टूट जाएगा.” एकदम डोळ्यांत उजेड पडायचा. “अच्छा, मतलब बर्तन भी अलग!” हो बाबा, बर्तन भी अलग. आजाराच्या नावानं जे घडलं नाही ते व्रताच्या नावानं घडायला लागलं. निदान माणूस हातातलं काम थांबवून विचार करायचा. अडचण एकच, आणि ती खास इंदुरी. विचार करून झाल्यावर तो म्हणायचा, “हो जाएगा.”

या शहराला नाही म्हणता येत नाही. पाहुण्याला उपाशी पाठवणं हा इथं अपराध आहे, दुकानदार असला तरी. रात्री बारा वाजता सराफ्यात दुकान आवरत असलेला माणूससुद्धा तुमचं तोंड बघून कढई परत चढवतो. “भिया, खा के तो देखो” हे इथलं खरं बोधवाक्य. हे प्रेम मी जन्मभर भोगलंय, पुण्यात चार वर्षं शिकायला होते तेव्हा याच प्रेमासाठी रडलेय. आणि आता याच प्रेमाची मला धास्ती वाटते. ग्राहकाचं मन मोडू नये म्हणून दिलेला होकार माझ्या लेकीच्या आतड्यात जाऊन बसतो. ती दोन दिवस पोट धरून पडते, आणि त्याला ते कधी कळतही नाही. मी त्याला जाऊन सांगतही नाही. काय सांगणार, तुझ्या मायेनं घात केला म्हणून?

अन्नपूर्णा रोडच्या एका आतल्या गल्लीत एक चिमुकलं दुकान आहे, मोजकी टेबलं, मागे भट्टी. मालक पस्तिशीचा, स्वतःच पीठ मळतो. माझं व्रताचं भाषण त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. मग हात झटकून वर बोट केलं. “नहीं दीदी. वो पंखा देखो.” पंख्याच्या पात्यांवर पांढरी साय धरली होती. “रोज पोंछते हैं, शाम तक फिर ऐसा. यहाँ नहीं हो पाएगा. बच्ची को मत खिलाना.”

मला इतका आनंद झाला की मी कारण नसताना लिंबू सोडा घेतला. घरी येऊन सांगितलं तर लेक म्हणाली, “वा! त्याच्याकडे पुन्हा जाऊ.” सासूबाईंना काही कळेना, नाही म्हणणाऱ्याकडे पुन्हा कशाला जायचं? पण आम्ही गेलो, दोघी बाहेरच्या बाकावर बसून कोल्ड्रिंक प्यायलो, आणि तो अधूनमधून बाहेर येऊन प्रश्न विचारायला लागला. चालतं काय काय? मका? तांदूळ? मग मैद्यासारखं ताणतं कशानं? मी त्याला माझ्या रात्रीच्या वाचनातलं सांगितलं. ग्लूटेनची जाळी हवा धरून ठेवते म्हणून पिझ्झा फुगतो. ती नसेल तर दुसरं काहीतरी धरणारं लागतं, आणि त्यासाठी इसबगोल वापरतात. तो हसत सुटला. “वो तो पेट साफ करने वाला है दीदी!” पण नीमचची मंडी इसबगोलासाठी प्रसिद्ध, आणि त्याचा मामा नीमचचाच निघाला. इंदुरात ओळख निघायला एवढं पुरतं.

पुढे त्यानं जे केलं ते त्याच्या धंद्याच्या हिशेबात बसत नाही. त्याचं दुकान सोमवारी बंद असतं आणि त्या दिवशी सगळं धुऊन निघतं. मंगळवारी सकाळी, मैद्याचं पोतं उघडायच्या आधी, तो आमचा पिझ्झा करतो. मोठ्या भट्टीत नाही, घरगुती विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, जो एरवी त्याच्या घरीच असतो. ट्रे, ब्रश, कटर, सगळ्याला माझ्या घरातली हिरवी पट्टी. पीठ म्हणजे तांदूळ, साबुदाण्याचं आणि बटाट्याचं स्टार्च, यीस्ट आणि भिजवलेलं इसबगोल. ते मळता येत नाही. सरबरीत असतं, ओल्या हातानं ट्रेमध्ये थापावं लागतं. सुरुवातीचे बेस उचलताच मोडले, काही आतून कच्चे राहिले. मग बेस आधी नुसता भाजून घ्यायचा आणि सॉस-चीज घालून परत भाजायचा, हे त्याचं त्यालाच सुचलं.

चव? खरं सांगते. गरम असताना कडा कुरकुरीत, आत जरासा लवचीक, तांदळाचा हलका गोडसर वास, आणि तळाला जिथं तेल लागतं तिथं धिरड्याच्या कडेसारखा खमंगपणा. सॉस झकास, कारण तो पाकिटातला नाही. पण कड काही फुगत नाही, आणि दहा मिनिटांत खाल्ला नाही तर तो वातड होतो. पंधरा मिनिटांनी दातांशी भांडतो. मैद्याच्या चांगल्या पिझ्झ्याच्या शेजारी ठेवला तर तो हरेल, यात मला शंका नाही. इटलीत सिलिअ‍ॅक असलेल्यांना सरकार दरमहा बिनगव्हाच्या अन्नासाठी पैसे देतं आणि गावोगावच्या पिझ्झेरियांत असा पिझ्झा सहज मिळतो. तिथला कसा लागतो कोण जाणे. आमच्याकडे तो मंगळवारी सकाळी मिळतो, शाळेला दांडी मारून किंवा सुट्टी बघून, आणि साध्या पिझ्झ्याच्या जवळजवळ दुप्पट किमतीला. सासूबाईंनी किंमत ऐकली आणि त्या पैशांत किती ज्वारी आली असती ते हिशेब करून सांगितलं. माळव्यात सोयाबीन यायच्या आधी त्यांच्या माहेरच्या शेतात पावसाळी ज्वारी असायची, रोजचं जेवण भाकरीचं आणि गव्हाची पोळी सणाला. “तेव्हा असती ही पोर तर काही कळलंच नसतं कोणाला,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी दोन तुकडे खाल्ले आणि चीज कमी आहे म्हणाल्या.

हे पूर्णपणे सुरक्षित आहे का? भिंत तीच, पंखा तोच. खरा परीक्षक म्हणजे वर्षातून एकदा येणारा टीटीजीचा रिपोर्ट. गेला नीट आला, पुढचा यायचाय. ज्यांच्या घरी हा आजार आहे अशा दोघी-तिघींनी मला दुकानाचा पत्ता विचारला आणि मी जरा अडखळले. दिला, पण सोबत हेही सगळं सांगितलं, आणि त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा म्हटलं. त्यांतल्या एकीला मी 'हो जाएगा' म्हणणार होते, शब्द ओठांपर्यंत आला होता. शेवटी मीही इथलीच.

काल रात्री उशिरा त्याचा मेसेज आला. ओरिगॅनोच्या पुड्यांच्या मागच्या बाजूचा फोटो, बारीक अक्षरांत गव्हाचा अंश असू शकतो असं छापलेलं, त्यावर लाल गोल. “दीदी ये तो मैं कब से डाल रहा था.” मी लिहिलं, तो नको, सुटी पानं मिळतात का बघा. त्यावर त्याचा प्रश्न, की मंगळवारी वाढदिवसाला नक्की किती जणी? सुट्टी आहे म्हणून लेकीनं वर्गातल्या सहा जणींना बोलावलंय. त्यांतल्या एकीनं स्पष्ट सांगितलंय की तिला इसबगोलवाला पिझ्झा चालणार नाही, नेहमीचाच पाहिजे. दुकानदार म्हणतो, एकाच सकाळी दोन्ही करणार नाही, मैदा उघडला की आमचं संपलं. सासूबाईंचं मत, त्या मुलीला पोहे द्या. लेक म्हणते, “तिला डबा आणायला सांगू का?” आणि हे म्हणताना तिच्या डोळ्यांत जी चमक होती ती मला फारशी सभ्य वाटली नाही. मी अजून काही बोललेले नाही. ऑर्डर उद्यापर्यंत द्यायची आहे.